मशीन बंद पडलं की वेळ नेमका जातो कुठे?

दिवाळी उलटली की जामनेर, बोदवड, धरणगाव, चोपडा, शिरपूर भागातल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांच्या, गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा. या दिवसांत जिनिंग दोन तास बंद राहिलं तरी नुकसान फक्त रुईचं होत नाही. हमाल बसून राहतात, ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी रात्र गेटवर काढतो, गाठी बांधणाऱ्या प्रेसला माल पुरत नाही आणि गाठी न्यायला आलेला ट्रक आवारात उभा राहतो. तरीही बहुतेक ठिकाणी देखभालीचा विचार एकाच वाक्याशी येऊन थांबतो: "फिटरला बोलवा."

फिटरला बोलवावं लागतंच. पण मशीन लवकर सुरू व्हायला हवं असेल, तर फिटरच्या मागे उभं राहून "आटप, आटप" करण्यात काही हाशील नाही. बंद काळातला मोठा वाटा पाना फिरवण्यात जातच नाही. तो बिघाड कळण्यात, माणूस येण्यात, कारण शोधण्यात आणि पार्ट आणण्यात जातो. हा वाटा निम्म्यावर आणणं कुठल्याही मालकाच्या हातात आहे आणि त्यासाठी नवीन मशीन घ्यावं लागत नाही. मी उदाहरणं जिनिंगची देतोय, पण जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल, चटईचा कारखाना, सावदा-रावेरकडचं केळीचं कोल्ड स्टोरेज किंवा एखाद्या रुग्णालयाची लिफ्ट, सगळीकडे हाच हिशेब लागू होतो.

एका बंदचा हिशेब

समजा, रात्री पावणेदहाला कापूस ओढणारा सक्शन फॅन थांबला. ऑपरेटरला वाटतं, पाइपमध्ये कापूस तुंबला असेल. तो दोन-तीनदा स्टार्टर दाबून बघतो, पाइप ठोकून बघतो. दहाला फिटरला फोन जातो. तो घरून निघून दहा पस्तीसला पोचतो आणि म्हणतो, "हे इलेक्ट्रिकलचं आहे, वायरमनला बोलवा." वायरमन अकराला येतो. मोटर तपासतो, ती ठीक असते. बेल्ट उतरवल्यावर कळतं की फॅनचा शाफ्टच फिरत नाही, बेअरिंग जाम झालंय. सव्वाअकरा. हाउसिंग, म्हणजे बेअरिंगचं घर, खोलायला अर्धा तास. बेअरिंगवरचा नंबर गंजून गेलेला. कोणता नंबर होता, कोणालाच आठवत नाही. जळगावचं दुकान बंद. सकाळी दहाला दुकान उघडल्यावर जुनं बेअरिंग दाखवून नवं घेतलं जातं, मोटरसायकलवरून ते साडेअकराला जिनिंगवर येतं. मग लक्षात येतं की पुलर, म्हणजे बेअरिंग ओढून काढायचं हत्यार, नाही. तो शेजारच्या जिनिंगमधून मागवायचा. सव्वाबारा वाजतात. त्यानंतर एक तासात बेअरिंग बसतं, बेल्ट चढतात आणि सव्वाला फॅन सुरू होतो.

मशीन साडेपंधरा तास बंद होतं. त्यात प्रत्यक्ष हाताचं काम किती? खोलायला अर्धा तास, बसवायला एक तास. दीड तास. दहा टक्क्यांच्याही आत. फिटर दुप्पट वेगाने काम करणारा असता तरी पाऊण तास वाचला असता. याउलट बेअरिंगचा नंबर कुठेतरी लिहिलेला असता, ते बेअरिंग आणि पुलर कपाटात असता, तर मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात फॅन चालू झाला असता.

ही गोष्ट कल्पनेतली आहे, पण ज्यांनी हंगाम काढलाय त्यांना तिच्यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल.

देखभालीच्या शास्त्रात दोन आकडे नेहमी वापरतात. एक म्हणजे दोन बिघाडांच्या मध्ये मशीन सरासरी किती तास चालतं. त्याला एमटीबीएफ म्हणतात. दुसरा, एक बिघाड निस्तरायला सरासरी किती तास लागतात, तो एमटीटीआर. समजा एक मशीन १०० तास चालतं आणि मग ५ तास बंद राहतं. १०५ तासांत १०० तास चालू, म्हणजे ९५.२ टक्के. आता खूप खर्च करून, नवा शाफ्ट, नवं फाउंडेशन घालून ते २०० तास चालेल असं केलं, तर २०५ मध्ये २००, म्हणजे ९७.६ टक्के. दुसरा मार्ग असा की मशीनला हातही लावायचा नाही, फक्त दुरुस्तीचे ५ तास अडीचवर आणायचे. १०२.५ मध्ये १००. पुन्हा ९७.६ टक्केच.

म्हणजे मशीनचं आयुष्य दुप्पट करणं आणि दुरुस्तीचा वेळ निम्मा करणं, या दोन्हींचं फळ या हिशेबात अगदी सारखं. पहिल्याला लाखो रुपये लागतात. दुसऱ्याला एक वही, एक कपाट आणि थोडी शिस्त. रुग्णालयातला जनरेटर किंवा आगीचा पंप यांना मात्र हा हिशेब लावू नये. ऐनवेळी बंद पडणंच जिथे परवडत नाही, तिथे लवकर दुरुस्तीवर भिस्त ठेवता येत नाही; तिथे आधीची काळजी आणि जोडीला दुसरा संच हवाच.

फोनवर काय सांगायचं

वेळ वाचवायची सुरुवात पहिल्या फोनपासून होते. आपल्याकडे रात्रीचा फोन साधारण असा असतो:

"काय व्हयनं रे भाऊ?"

"मशीन बंद पडी गयं. लवकर या."

एवढ्यावरून फिटरने पुलर आणावा की मीटर, हे त्याला कसं कळणार? तो हात हलवत येतो, बघतो आणि परत सामान आणायला जातो. ऑपरेटरला चार गोष्टी सांगायची सवय लावली की ही फेरी वाचते. कोणतं मशीन? एकदम थांबलं की हळूहळू मंदावत? स्टार्टर ट्रिप झाला का? आणि थांबण्याआधी वास, आवाज, धूर, थरथर यातलं काही जाणवलं का? पॅनेलचा आणि मशीनचा एक-एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर सोन्याहून पिवळं. जळका वास सांगितला की वायरमन आधी निघतो. करकर आवाज सांगितला की फिटर बेअरिंगचं सामान घेऊनच घराबाहेर पडतो.

यासाठी प्रत्येक मशीनला नंबर हवा. ऑइल पेंटने ठळक लिहिलेला, दहा फुटांवरून दिसणारा. तोच नंबर मोटरवर, तोच स्टार्टरवर, तोच मेन स्विचवर. "भिंतीकडून तिसरा फॅन" ही भाषा दिवसा चालून जाते. रात्री, घाईत, नव्या माणसाने चुकीचा स्विच खाली केला आणि दुसऱ्याच मशीनमध्ये कोणाचा हात होता, तर तो अपघात भरून येत नाही.

बेअरिंगचा नंबर वाचता येतो

प्रत्येक मशीनचं एक कार्ड करावं. लॅमिनेट करून पॅनेलच्या दारात आतून अडकवावं. त्यावर मोटरची एचपी, आरपीएम, फ्रेम साइझ, दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचे नंबर, बेल्टचा नंबर आणि किती बेल्ट, पुलीचा व्यास, कपलिंगचा प्रकार, तेल किंवा ग्रीस कोणतं, एवढं लिहावं. एका दुपारी दोन माणसं बसली तर बऱ्याच मशीनची कार्डं होतात, कारण निम्मी माहिती मोटरच्या प्लेटवरच असते. ज्या बेअरिंगचा नंबर ठाऊक नाही, ते पुढच्या वेळी खोललं की तिथल्या तिथे कार्डावर लिहून ठेवायचं.

हे नंबर नुसते पाठ करायचे नसतात, ते वाचता येतात. ६२०८ घ्या. शेवटचे दोन अंक ०८. त्यांना पाचने गुणलं की ४०. म्हणजे हे बेअरिंग ४० मिलिमीटरच्या शाफ्टवर बसतं. शेवटचे अंक ०४ किंवा त्याहून मोठे असले की नेहमीच्या मापांना हा नियम लागू होतो: ६२०५ म्हणजे २५ मिलिमीटर, ६३१० म्हणजे ५०. मग ६२०८ आणि ६३०८ यांत फरक काय? शाफ्ट दोन्हींना ४०चाच, पण ६३०८ बाहेरून मोठं, जाड आणि जास्त भार पेलणारं. एकाच्या जागी दुसरं बसत नाही. पुढची अक्षरंही बोलतात. झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टूआरएस असेल तर रबराची सीलं. जिनिंगसारख्या तंतू उडणाऱ्या किंवा डाळ मिलसारख्या भुशाच्या जागी रबराची सीलं जास्त टिकतात, कारण पत्रा आणि आतल्या रिंगमधली बारीक फट रबर बंद करतं. सी३ लिहिलेलं असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त असते, तापणाऱ्या मोटरसाठी. दुकानदाराने सी३च्या जागी साधं बेअरिंग दिलं आणि ते तापून लवकर गेलं, तर दोष बेअरिंगचा नसतो.

बेल्टचंही तसंच. बी-७२ म्हणजे बी सेक्शन, वरून १७ मिलिमीटर रुंद, लांबी ७२ इंच. एका पुलीवर चार बेल्ट असतील आणि एक तुटला, तर चारही बदलायचे. जुने तीन ताणून सैल झालेले असतात, म्हणून नव्या एकट्यावर सगळा ओढा येतो आणि तोही आठवड्यात जातो. एका बेल्टचे पैसे वाचवायच्या नादात लोक पुन्हा एक बंद ओढवून घेतात.

कपाटात काय ठेवायचं

सगळेच स्पेअर ठेवले तर पैसा अडकतो, काहीच न ठेवता हंगाम काढणं हा जुगार. ठरवायला दोन प्रश्न पुरतात. हा पार्ट गेला तर सगळं थांबतं की एकच मशीन? आणि तो आणायला किती वेळ लागतो? सगळं थांबवणारा, स्वस्त आणि जळगाव-धुळ्याहून दुसऱ्या दिवशीच मिळणारा पार्ट कपाटात दोन नग हवा. कॉन्टॅक्टरची (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची) कॉइल, ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा), फ्यूज, मुख्य फॅनची बेअरिंगं, बेल्टचा एक संपूर्ण संच, प्रेसच्या हायड्रॉलिकची सीलं, यांची किंमत एका रात्रीच्या तोट्यापुढे काहीच नाही. महागडी गोष्ट, म्हणजे प्रेसची मोठी मोटर किंवा गिअरबॉक्स, प्रत्येकाने ठेवायची गरज नाही. एकाच तालुक्यातल्या चार-पाच जिनिंगवाल्यांनी मिळून एक मोटर ठेवली, कोणाकडे काय पडलंय याची यादी आपसात वाटली, तर सगळ्यांचं भागतं. धंद्यात स्पर्धा असली तरी हे करता येतं आणि ते व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कपाट उन्हाच्या भिंतीला लागून नको. पत्र्याखाली खिळ्याला टांगलेला बेल्ट दोन उन्हाळ्यांत कडक होतो, वापरायच्या दिवशीच तडकतो. बेअरिंग त्याच्या मूळ वेष्टनातच ठेवायचं, बघायला म्हणून फोडायचं नाही.

वेळ वाचवण्याची याहून मोठी युक्ती बघायची असेल तर लांब जायला नको. भुसावळला रेल्वेचं इलेक्ट्रिक लोको शेड आहे. इंजिनाची चाकं फिरवणारी ट्रॅक्शन मोटर बिघडली तर ती तिथेच उघडून, इंजिन अडकवून, दुरुस्त करत बसत नाहीत. ती उतरवतात, तयार मोटर चढवतात आणि इंजिन कामाला लागतं. बिघडलेल्या मोटरचं काम मागाहून सवडीने होतं. भारतीय रेल्वेत ही रीतच आहे. छोट्या कारखान्यातही ती चालते. हाउसिंगसकट बेअरिंग बसवलेला एक तयार शाफ्ट, संपूर्ण जोडलेला एक स्टार्टर, रिवाइंड करून ठेवलेली एक मोटर. बिघडलेलं उतरवा, तयार चढवा, मालाची गाडी पुढे जाऊ द्या.

पाच मिनिटांत कारण

फिटर म्हणतो इलेक्ट्रिकलचं, वायरमन म्हणतो मेकॅनिकलचं, या ओढाताणीत तास जातो. ती मिटवायला मीटरसुद्धा लागत नाही. मेन स्विच बंद करून कुलूप लावा. बेल्ट उतरवा. मशीनची पुली हाताने फिरवा, मग मोटरची फिरवा. जी अडते, तिथे दोष. दोन्ही मोकळ्या फिरल्या तर वायरमनचं काम.

मग वायरमनने पहिल्यांदा तिन्ही फेज बघावेत. आपल्या ग्रामीण लाइनवर मोटर जळण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे एक फेज जाणं. थांबलेली मोटर दोन फेजवर सुरू होत नाही, नुसती गुणगुणते. आधीपासून चालू असेल तर मात्र ती चालत राहते आणि तिथेच घात होतो. उरलेल्या दोन फेजमध्ये करंट साधारण पावणेदोन पटीपर्यंत चढतो, वायंडिंग (मोटरमधल्या तारांचे वेढे) तापतं आणि ओव्हरलोड रिले नीट सेट नसेल तर काही मिनिटांत धूर निघतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हे एक फेज गेली की मोटर बंद करणारं छोटं उपकरण यासाठीच असतं. पुष्कळ ठिकाणी ते बसवलेलं असतं पण "सारखं ट्रिप होतं" म्हणून वायर जोडून बायपास केलेलं असतं. ते ट्रिप होतं कारण लाइनमध्ये खरंच दोष असतो. फेज पूर्ण गेला नसला तरी तिन्हींच्या व्होल्टेजमध्ये फरक असला की मोटर जास्त तापते. फरकाच्या टक्केवारीचा वर्ग करून दुप्पट करा, साधारण तेवढ्या टक्क्यांनी तापमानवाढ जास्त होते. साडेतीन टक्के फरक म्हणजे सुमारे २५ टक्के जास्त.

मुळात बंदच पडू नये म्हणून

इथे एक समज मोडायला हवा. दर महिन्याला सगळं खोलून, पुसून, परत बसवलं की मशीन चांगलं राहतं, असं अनेकांना वाटतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाच्या गटाने विमानांच्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर विमानांची ठरलेली तपासणी होत असे. नोंदींत दिसलं ते उलटंच: तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत होते आणि मग हळूहळू कमी होत होते. चांगलं चाललेलं खोलल्यामुळे काहीतरी बिघडत होतं.

पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. विमानांच्या भागांचे बिघाड त्यांनी सहा प्रकारांत बसवले. "ठरावीक वय झालं की भाग बदला" हा नियम फक्त ११ टक्के भागांना उपयोगी पडत होता. उरलेल्या ८९ टक्के भागांचा बिघाड वयाशी बांधलेला नव्हता. ६८ टक्के भाग तर नवे असतानाच बिघडण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. या विचाराने फरक किती पडला? डीसी-८ या जुन्या विमानाच्या सांगाड्याच्या मोठ्या तपासणीला पहिल्या २०,००० तासांच्या उड्डाणात सुमारे ४० लाख मनुष्य-तास लागत. त्याच्याहून कितीतरी मोठ्या, नव्या पद्धतीने सांभाळलेल्या बोइंग ७४७ला तेवढ्याच उड्डाणासाठी ६६,००० लागले.

जिनिंगमध्ये विमान उडत नाही, पण नियम तोच. घासून झिजणाऱ्या गोष्टींचं वेळापत्रक करता येतं: रोलरचं चामडं, बेल्ट, सुऱ्यांची धार, फिल्टर. बेअरिंग, कॉन्टॅक्टर, सेन्सर यांना वेळापत्रक लावून खोलण्यापेक्षा त्यांच्यावर लक्ष ठेवावं आणि लक्षण दिसलं की हात घालावा.

लक्ष ठेवायला तापमान हे सर्वांत स्वस्त साधन. लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर आता कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. प्रत्येक बेअरिंगच्या हाउसिंगवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका काढा आणि दर आठवड्याला, मशीन भारावर असताना, त्याच ठिपक्यावर मोजा. खान्देशात एक काळजी जास्त घ्यावी लागते: बेअरिंगचं तापमान एकटं लिहू नका, शेडमधलं तापमानही बाजूला लिहा. शेडमध्ये ३० असताना बेअरिंग ५५ असेल तर फरक २५. मे महिन्यात शेडमध्ये ४४ असताना तेच बेअरिंग ६९ दाखवेल. फरक तोच २५, घाबरायचं कारण नाही. पण डिसेंबरात पहाटे १५ असताना ६० दिसलं, तर फरक ४५ झाला. नुसता ६० हा आकडा मेच्या ६९पेक्षा कमी दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तेच बेअरिंग पुढच्या आठवड्यात रात्री पावणेदहाला थांबणारं असतं.

ऊन आणि तंतू

बहुतेक मोटर आजूबाजूचं तापमान ४० अंश धरून बनवलेल्या असतात; तुमच्या मोटरच्या प्लेटवर काय लिहिलंय ते वाचा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ला जातो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. वायंडिंग मर्यादेपेक्षा १० अंश जास्त तापलेलं राहिलं की इन्सुलेशनचं (तारांवरच्या वीजरोधक थराचं) आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. ग्रीसचाही असाच एक आडाखा आहे: बेअरिंग ७० अंशांच्या वर जितकं जाईल, त्यातल्या दर १५ अंशांना ग्रीस देण्याचं अंतर निम्मं करायचं.

यावरचा उपाय मात्र साधा आहे. मोटरच्या अंगावरच्या उभ्या पट्ट्या हवा खेळून उष्णता जावी म्हणून असतात. जिनिंगमध्ये दोन दिवसांत त्यांच्यावर रुईच्या तंतूंचं पांघरूण बसतं. मागच्या पंख्याच्या जाळीवरही बसतं. मग मोटर स्वतःच्या उष्णतेत शिजते. शिवाय तापलेला तंतू म्हणजे आगीला आमंत्रण. ब्रशने पुसायला दोन मिनिटं लागतात, मशीन बंद करून.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांसाठी हीच गोष्ट कंडेन्सरची, म्हणजे कोल्ड स्टोरेजची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची. केळी साठवायची ती १३ ते १४ अंशांत. त्याखाली साल काळवंडते, वर गेली तर पिकायला लागते. सांभाळायची पट्टी एवढी अरुंद. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत उन्हाळ्याची धूळ अडकली की आतला दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, बिल वाढतं आणि भर दुपारी तो ट्रिप होतो. माल भरलेला असताना. म्हणून मार्च उजाडायच्या आत कंडेन्सर धुऊन घ्यावा आणि उन्हाळाभर दर पंधरवड्याला बघावा.

ग्रीसबद्दल उलट चूक होते. जास्त दिलं की चांगलं, असं समजून सील फुटेपर्यंत भरतात. बेअरिंगच्या हाउसिंगची मोकळी जागा एक-तृतीयांश ते निम्मीच भरायची असते. पूर्ण भरली तर ग्रीस घुसळलं जाऊन तापतं, पातळ होतं आणि बाहेर येतं. बेल्ट ताणण्याचंही तसंच. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. बेल्ट घसरतोय म्हणून करकचून ताणला, तर बेल्ट वाचतो आणि बेअरिंग जातं.

ऑपरेटरचे डोळे

हे सगळं बघणार कोण? फिटर एक, मशीन चाळीस. इथे जपानची पद्धत खूप उपयोगी आहे. सेइची नाकाजिमा यांनी १९७०च्या दशकात तिथल्या कारखान्यांत टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) ही पद्धत रुजवली. निप्पॉनडेन्सो ही वाहनांचे भाग बनवणारी कंपनी ती पहिल्यांदा पूर्णपणे राबवणाऱ्यांत होती. तिचा एक पाया असा की मशीन चालवणाऱ्यानेच ते पुसायचं, तेलपाणी करायचं आणि बारीक खुणा ओळखायच्या. पुसताना हात प्रत्येक नटावरून फिरतो. सैल बोल्ट, तेलाचा थेंब, तडा, उष्ण जागा हाताला कळते. आठ तास मशीनशेजारी उभा राहणारा माणूस त्याचा बदललेला आवाज सगळ्यांच्या आधी ओळखतो. अडचण एवढीच असते की त्याला कोणी विचारत नाही, किंवा सांगितलं तर "तुझं काम कर" असं ऐकावं लागतं. पाळी बदलताना दहा मिनिटं त्याच्या नावावर राखून ठेवा आणि त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहा. सांगितलेलं दुरुस्त झालं की तो पुढच्या वेळी आणखी लवकर सांगतो.

आणि घाई कितीही असो, कुलूप आधी. मेन स्विच खाली करून त्याला काम करणाऱ्याने स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. "मी सांगितल्याशिवाय चालू करू नका" या तोंडी वाक्यावर कोणाचा हात सोपवू नये. दोन मिनिटं वाचवायला म्हणून फिरत्या बेल्टमध्ये काठी घालणं, चालू रोलरमधला कापूस हाताने ओढणं, यातून गेलेली बोटं परत येत नाहीत.

वही आणि आखाजी

प्रत्येक बंदची एक ओळ लिहा: मशीन नंबर, थांबलं किती वाजता, कळवलं केव्हा, माणूस आला केव्हा, कारण कळलं केव्हा, पार्ट आला केव्हा, सुरू झालं केव्हा आणि नेमकं काय बदललं. चार-पाच ओळी लिहिल्या की कोणता टप्पा वेळ खातो ते स्वच्छ दिसतं. पार्टची वाट पाहण्यात वेळ जात असेल तर कपाट वाढवा. कारण शोधण्यात जात असेल तर माणसांना शिकवा. माणूस यायलाच उशीर होत असेल तर रात्रपाळीला एकाला जिनिंगवरच राहायची सोय करा. कंपनीशी वार्षिक देखभालीचा करार करतानाही हीच वही पुढे ठेवा आणि "आम्ही २४ तासांत हजर राहू" एवढ्यावर सही करू नका. पार्ट किती वेळात येणार, तेही लिहून घ्या.

हंगाम संपला की वही मशीनप्रमाणे लावा. बहुतेक ठिकाणी दोन-तीन मशीननेच निम्म्याहून जास्त तास खाल्लेले दिसतात. मोठं काम त्यांच्यावरच करायचं. मात्र तारीख ठरवताना आखाजी लक्षात घ्या. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे माणसं गावी जातात, सासुरवाशिणी माहेरी येतात, आठवडाभर फिटर मिळत नाही. म्हणून कोणते पार्ट लागणार त्याची यादी मार्चमध्येच दुकानदाराकडे द्यावी, खोलायचं काम आखाजीच्या आधी उरकावं आणि जोडायचं त्यानंतर.

पावसाळाभर मशीन बंद असतात, वायंडिंगमध्ये ओल धरते. दसऱ्याआधी प्रत्येक मोटर मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासावी. ४१५ व्होल्टच्या मोटरला इन्सुलेशन एक मेगाओमच्या खाली दाखवलं तर ती सुकवल्याशिवाय चालू करू नये. बेअरिंग हाताने फिरवून मोकळं करावं. मग पहिल्या गाड्या यायच्या आधी पूर्ण प्लांट, कापूस घालून, निदान एक पूर्ण पाळी चालवून बघावा. नव्याने जोडलेल्या गोष्टींतले दोष याच पहिल्या तासांत बाहेर येतात आणि तेव्हा गेटवर अजून कोणी थांबलेलं नसतं.